आंबोणाचा अजमास

ढिगाभोवती मी दावं फिरवलं,
चांदीच्या गळ्यातलं, शेणाने ताठ झालेलं,
टोक टोकाला भेटलं तिथे चिमटीत धरलं
आणि उंबऱ्यावर पसरून मोजलं:
नऊ हात, वर चार बोटं.
उंची केरसुणीएवढी, आणि एक मूठ.

धाकू भावजी दारात पानाला चुना लावत होते.
"देवगे, ढिगाला कशाला दावं?
तो काय पळून जाता?"

पळतो.
रोज दीड डबा पळतो.

खानापूरचा मका, चोर्ल्याच्या वळणांवर
पोत्यातल्या पोत्यात उलटापालटा होत आलेला.
वाळपईच्या जुवांवने या खेपेला दाणे सोडवलेच नाहीत,
अख्खं कणीस चक्कीत टाकलं,
दाणा आणि बुरकुंड एका दमात भरडलं.
स्वस्त पडतं, म्हणाला.
सोसायटीच्या पासबुकाच्या मागच्या पानावर
मी "स्वस्त" लिहिलं
आणि पुढे जागा सोडली.

खोबरेलाचा रिकामा डबा, एका कानाचा.
नुसत्या दाण्याचा भरडा भरून टांगला
तर काटा बारा दाखवायचा.
हा कणसाचा, तोच डबा, तसाच काठोकाठ:
दहा.
दहातले दोन बुरकुंडाचे.
उरले आठ.
गव्हाणीत ओतताना आवाज तोच येतो,
धूळ तशीच पापणीवर बसते,
गुरं तशीच माना पुढे काढतात,
आणि बाराच्या जागी आठ.

शिवाय ओल.
पोत्यात हात घातला तर मनगटापर्यंत गार.
किती पाणी मक्याच्या भावाने घेतलं
ते कुठल्या काट्यावर बघू?
तेवढी जागा मोकळीच ठेवली.

भावजींना काटा लागत नाही.
त्यांचं माप ओंजळ.
चांदीला अकरा, मोरीला सात,
तांबू आणि बाणीला सहा सहा,
गाभण पोवळीला ती तोंड वर करेपर्यंत.
चाळीस वर्षं ओंजळ चुकली नाही.
आताही चुकलेली नाही. ओंजळीतलं बदललंय.
चांदी सहा लिटरवरून पाचावर आली,
ते म्हणाले, दृष्ट.
मग म्हणाले, गोमाशा.
मग तिच्या पाठीवरून हात फिरवत
बराच वेळ काहीच म्हणाले नाहीत.

त्यांना कसं सांगावं
की तुमचे हात तेवढेच आहेत, भावजी,
आणि पुरत नाहीत?

सकाळी गव्हाण झाडायला गेले.
चांदीने रात्रभर जिभेने निवडलं होतं.
पीठ चाटून नेलेलं, दाणा एक नाही,
कोपऱ्यात बुरकुंडाचे तुकडे,
सुताराच्या रंध्याखाली पडतात तसे,
फिके, हलके, लाळेने ओले.
मी त्यांचं वजन केलं नाही.
उचलले
आणि भावजींच्या ओंजळीत ठेवले.

त्यांनी वास घेतला.
एक तुकडा दाढेखाली धरला, चावला, थुंकला.
"हें तर लाकूड," म्हणाले,
आणि गोठ्यात गेले.

संध्याकाळी मी दूध गाळत होते,
कान मात्र आत.
चांदीच्या गव्हाणीपाशी ते मोजत होते, नेहमीसारखं मोठ्याने.
नऊ. दहा. अकरा.
थांबले.
बारा. तेरा.
सोळापर्यंत गेले, पुन्हा थांबले,
आणि मग अर्धी ओंजळ अजून.

पासबुकात माझाही आकडा तोच होता.
मी पान मिटलं.

या हिशेबाने ढीग दहा दिवसांचा.
पुढचा ट्रक बाराव्या दिवशी,
तोही घाटात दरड नसली तर.
मधल्या दोन दिवसांसाठी
कुळागरातल्या केळीची खुंटं बघून ठेवलीत, सहा,
चिरून घालता येतील; पोट भरेल,
दुधाचं माहीत नाही.

बुरकुंडाचे तुकडे भावजींनी चुलीपाशी वाळत घातलेत.
रात्री गोठ्यात धूर करायला बरे, म्हणतात, मच्छर जातात.
ते कुठल्या रकान्यात लिहायचं, मी विचारलं.
ते पानाचा देठ खुडत राहिले.

आज दावं फिरवलं ढिगाभोवती.
टोक टोकाच्या पुढे गेलं,
वीतभर.